कायमच्या खणात उसनी चिठ्ठी

शीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी उच्चारत नसे. या टोपणनावाला दोन मुळं होती. पहिलं लॅबमधलं. ऐन तारुण्याची अकरा वर्षं त्यांनी एका पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या टेबलावर काढली होती. रक्त, थुंकी, लघवी सगळ्यांच्याच वाट्याला यायची, पण शौचाच्या डब्या मात्र फिरून फिरून त्यांच्यापुढेच येत. बाकीच्या पोरी नाक दाबून पळत आणि या भाजी निवडायला बसल्यासारख्या शांतपणे काडीनं नमुना काचेवर पसरत. दुसरं मूळ पुढे ऑफिसात रुजलं. तिथे दुसऱ्यानं लिहिलेला कोड तपासून शेरा मारायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचा नेहमीचा शेरा असे, 'शी. पुन्हा लिहा.' फारच बिघडलं असेल तर नुसताच 'शी.'

लॅबमधून ऑफिसात त्या आल्या त्या एका वहीमुळे. लॅबमध्ये रक्त तपासायचं यंत्र आलं तेव्हा ते अधूनमधून भलताच आकडा द्यायचं. इतर लोक यंत्राला एक चापट मारून पुढच्या कामाला लागत. शीबाईंनी मात्र कुठल्या दिवशी, कितव्या नळीला, काय चुकलं हे सहा महिने लिहून ठेवलं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे मालक दुरुस्तीच्या निमित्तानं आले, ती वही त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडेच या." छत्तिसाव्या वर्षी शीबाई प्रोग्रामिंग शिकल्या. आता त्या पन्नाशीला टेकल्या होत्या, चष्मा कपाळावर ढकलायची सवय होती आणि तोंड फटकळ होतं.

कंपनीचा जुना कोड हळूहळू रस्ट नावाच्या भाषेत आणला जात होता. पहिल्याच दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला ते सांगितलं. नवरा प्लंबर. तुंबलेले पाइप साफ करण्यात त्याचा हातखंडा.

"रस्ट म्हणजे गंज ना?" तो म्हणाला. "आम्ही जन्मभर गंज खरवडत आलो आणि तुमच्याकडे तो मुद्दाम आणतात?"

आतल्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अरे, तिला काय विचारतोस! तिला घाणीशिवाय करमतं का!" आणि स्वतःच खो खो हसल्या. दोन वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातच होतं. रोज सकाळी शीबाई त्यांना पुसून, चादर बदलून, पावडर लावून मगच ऑफिसला निघत. त्यात कधी नाक मुरडलं नाही की सुस्कारा टाकला नाही.

शीबाईंना ती भाषा आवडली. कोड तपासून तो यंत्राला कळेल असा करून देणारा जो प्रोग्राम असतो, तो कंपायलर, या भाषेत त्यांच्याइतकाच खवट होता. कुणाची वस्तू कुणी किती वेळ वापरणार ते आधी सांगा, मगच पुढे चला, असा त्याचा खाक्या.

टीमच्या प्रमुखाला मात्र तो खाक्या मानवत नव्हता. वय असेल तीस-बत्तीस. आपली टीम म्हणजे जहाज, असं तो पहिल्याच बैठकीत म्हणाला होता, तेव्हापासून त्याला कॅप्टन हे नाव पडलं आणि ते त्याला आवडलंही. वागायला गोड, कपडे परीटघडीचे. टेबलावर हात निर्जंतुक करायची बाटली कायम. फोन ठेवला की थेंब, कुणाशी हात मिळवला की थेंब. रक्ताची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं काढून त्यानं एकदाही लॅबमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिथला वास सहन होत नाही म्हणे.

एका सकाळी तो खुर्ची ओढत शीबाईंच्या टेबलाशी आला. कंपायलरनं त्याचा कोड नाकारला होता.

मामला असा होता. यंत्राच्या कोडमध्ये 'लेखक' होते. एक निकाल पडद्यावर लिहायचा, एक छापायचा, एक साठवायचा. आत नेमका कोण आहे हे बाकीच्या कोडला कळायची गरज नव्हती. 'याला लिहिता येतं' एवढी हमी देणारी बंद डबी हातात आली की पुरे. अशा डबीला ट्रेट ऑब्जेक्ट म्हणतात. डबीवर मुदतीचाही शिक्का असतो, औषधाच्या बाटलीवर तारीख असते तसा, की आतला माल अमुक वेळेपर्यंतच खात्रीचा. यंत्र चालू असेपर्यंत टिकणाऱ्या डब्यांची एक यादी होती, तिला सगळे 'कायमचा खण' म्हणत. कॅप्टननं आता एक नवा लेखक केला होता. तो पेशंटचं नाव स्वतःजवळ ठेवत नसे, नळ्यांच्या ट्रेसाठी राखलेल्या मेमरीतून उसनं घेऊन वाचत असे. ट्रे आत असेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, ते नाव जागेवर असे. ट्रे बाहेर आला की मेमरी मोकळी. या लेखकाची डबी ठेवायला त्या कामाच्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, थोड्या मुदतीच्या डब्यांचा खण हवा होता. कॅप्टननं त्याला कायमचाच खण दिला, आणि कंपायलर अडून बसला.

"मॅडम, मला एक सांगा," कॅप्टन म्हणाला. "थोड्या मुदतीची डबी मागितली आणि कायमची दिली, तर चालतं ना?"

"चालतं. आठवडाभर टिकेल असं मागितलं आणि वर्षभर टिकणारं मिळालं, तर कोण तक्रार करेल?"

"म्हणजे कायमची डबी ही थोड्या मुदतीच्या डबीची पोटजात झाली. सबटाइप. मग कायमच्या डब्यांचा खण, थोड्या मुदतीच्या डब्यांच्या खणाच्या जागी का नाही चालत?"

"नुसता बघायला दिलास तर चालतो. तू भरायला देतोयस." शीबाईंनी स्वतःच्या टेबलाचा खण ओढला. "समज, या खणावर चिठ्ठी आहे, आतलं सगळं कायमचं. मी तुला म्हटलं, चिठ्ठीकडे बघू नकोस, यात थोड्या मुदतीचं चालतं असं समज आणि टाक काय टाकायचं ते. तू बर्फाचा खडा टाकलास आणि गेलास. चिठ्ठी तशीच. उद्या जो खण उघडेल तो चिठ्ठीवर विश्वास ठेवून हात घालेल."

कॅप्टन हार मानणाऱ्यांतला नव्हता. "पण गेल्या आठवड्यात मी हेच केलं होतं. कायमचा लेखक, बदल करायच्या परवानगीसकट, थोड्या मुदतीचा म्हणून पुढे दिला. तेव्हा यानं चकार शब्द काढला नाही. आज नखरे करतोय. मग हा लहरीच नाही का?"

शीबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. प्रश्न खरंच चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नाला त्या मान देत.

"नाही, लहरी नाही. तेव्हा तू एकच लेखक हातात दिलास. त्याच्याकडून लिहून घेता येतं, पण त्याला उठवून त्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही. आतला माल केवढा आहे तेच माहीत नाही, तर अदलाबदल कशी करणार? त्यामुळे मुदत आखूड धरली तरी कुणाचं काही बिघडत नाही. खणातल्या डब्या मात्र सगळ्या एका मापाच्या. एक उचल, दुसरी ठेव, सहज जमतं. फसवायला वाव आहे, म्हणून तिथे मुदत तंतोतंत जुळावी लागते. ना कमी, ना जास्त. इन्व्हेरिअन्स म्हणतात ते हेच."

"मग मी करू काय?"

"नाव उसनं घेऊ नकोस, त्याची प्रत काढ. नाहीतर थोड्या मुदतीचा वेगळा खण कर आणि ट्रेबरोबर तोही टाकून दे."

"अर्धा दिवस जाईल, मॅडम."

"जाऊ दे की."

त्यानं मान डोलावली, गोड हसला आणि गेला. शीबाईंना वाटलं, पटलं पोराला.

दुसऱ्या दिवशी त्याचा कोड तपासायला आला. प्रत नव्हती, वेगळा खणही नव्हता. होता 'अनसेफ'चा एक ठोकळा, म्हणजे जिथे कंपायलरला सांगायचं की इथली जबाबदारी माझी, तू बघू नकोस. त्यात ट्रान्सम्यूटची एक ओळ. त्या ओळीनं दहा मिनिटांच्या डबीवरचा शिक्का खरवडून 'कायमची' असा शिक्का मारला होता. वर कॅप्टननं टीप लिहिली होती: 'कंपायलरला कळत नाही. आम्हाला कळतं.'

शीबाईंना शिसारी आली. शिळं दूध तोंडात गेल्यावर येते तशी. अकरा वर्षांत कुठल्याही डबीनं त्यांची ही गत केली नव्हती. डबीत जे असतं तेच तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात किळस कसली! इथे मात्र समजावून सांगितलं, त्याला समजलं, आणि समजून उमजून त्यानं खोटा शिक्का मारला. न समजून चुकला असता तर त्या रागावल्या असत्या आणि विसरल्या असत्या. त्यांनी शेरा मारला, 'शी.' मग आयुष्यात पहिल्यांदा त्याखाली चार ओळी लिहिल्या: ट्रे निघून गेल्यावरही ही डबी खणात राहील, तिला हव्या असलेल्या नावाच्या जागी दुसऱ्याचं नाव आलेलं असेल, आणि कुणाचा तरी निकाल कुणाच्या तरी नावावर छापला जाईल.

नवं यंत्र मांडायचं प्रदर्शन चार दिवसांवर होतं. कॅप्टन थेट मालकांकडे गेला. मालकांनी शीबाईंना बोलावून घेतलं.

"तुम्ही म्हणता तसं झालेलं कुणी पाहिलंय का?"

"अजून नाही."

"मग झाल्यावर बघू." आणि त्यांनी आपल्या अधिकारात तो कोड मंजूर केला.

सात महिने काहीच झालं नाही. कॅप्टन येताजाता विचारायचा, "मॅडम, आला का तुमचा बर्फाचा खडा?" आणि टीममधली पोरं खुसखुसायची.

मग शीबाईंच्याच जुन्या लॅबमधून फोन आला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या रक्तात पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढल्याचा निकाल आला होता. त्यांना धावतपळत हॉस्पिटलात नेलं, सुया टोचल्या, दोन दिवस छातीला तारा लावून ठेवलं. पुन्हा तपासलं तर रक्त ठणठणीत. आणि त्याच दिवशी नमुना दिलेल्या एका बसड्रायव्हरच्या कागदावर पोटॅशियमची जागा कोरीच होती. नमुना पुन्हा द्या म्हणून त्याला निरोप गेला, तो आलाच नाही. चौथ्या दिवशी त्याच्या मुलीनं त्याला रिक्षातून हॉस्पिटलात आणलं. नशिबानं वाचला.

कंपनीनं लॅबला पत्र पाठवलं: यंत्रात दोष नाही, हाताळताना नळ्यांची अदलाबदल झाली असावी. पत्राचा मसुदा कॅप्टननं केला होता. लॅबनं नळ्या हाताळणाऱ्या माणसाला घरी बसवलं. तो माणूस म्हणजे तात्या. तीस वर्षं तिथे काम केलेला जुना टेक्निशियन. शीबाईंना नस शोधायला, नळी धरायला, काचेवर थेंब ओढायला यांनीच शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी शीबाई लॅबमध्ये गेल्या. लॅबच्या डॉक्टरीणबाईंची परवानगी काढली आणि तात्यांना फोन करून बोलावून घेतलं. तात्या आले ते दारातच थबकले.

"पोरी, मी नळ्या बदलल्या नाहीत ग," ते म्हणाले. "पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. रोज उठून आठवत बसतो, त्या दिवशी कुठली नळी आधी उचलली होती."

"तात्या, बसा. हात तुमचा नाही, दुसऱ्याचा होता."

यंत्र रोज नीट चालतंय का हे बघायला लॅबमध्ये एक द्रावण असतं, त्यातला आकडा आधीच ठाऊक असतो. शीबाईंनी पोटॅशियम फार वाढलेलं द्रावण घेतलं, यंत्रात त्या नळीचं नाव 'अ' असं भरलं आणि ती ट्रेच्या शेवटच्या घरात ठेवली. आकडा धोक्याचा दिसला की यंत्र आपणहून तो पुन्हा तपासतं, त्याला चार मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात ट्रे बाहेर आला, म्हणून त्यांनी लगेच दुसरा ट्रे आत सरकवला. त्याच्या शेवटच्या घरात साध्या द्रावणाची नळी होती, तिचं नाव 'ब'; 'अ'च्या मोकळ्या झालेल्या मेमरीत आता ते बसणार होतं.

छापायचं यंत्र खरखरलं. धोक्याचा आकडा आला. नाव, ब.

तात्यांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे चांगले आकडे नीट जायचे आणि वाईट तेवढेच दुसऱ्याच्या गळ्यात?"

"हो. पुन्हा तपासणी वाईटाचीच होते ना."

"शी," तात्या म्हणाले.

शीबाईंनी तेच सहा वेळा करून दाखवलं. सहापैकी पाच वेळा नाव चुकलं. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या.

सोमवारी मालकांच्या खोलीत बैठक झाली. शीबाईंनी कागद टेबलावर मांडले. कॅप्टननं ते बोटाच्या टोकानं जवळ ओढले, वाचले आणि बाटलीतून तळहातावर थेंब घेतला.

"फार विचित्र योगायोग आहे," हात चोळत तो म्हणाला. "शेवटचं घर, वाढलेला आकडा, लगेच दुसरा ट्रे. हजारात एखादाच. आज दुपारपर्यंत दुरुस्त करून टाकतो. प्रत काढली की झालं."

"सात महिन्यांपूर्वी मी तेच म्हटलं होतं."

"मान्य, मॅडम. तुमचा अनुभव मोठा आहे." आणि तो पुन्हा तसाच गोड हसला. त्या हसण्याची शीबाईंना इतकी किळस आली की त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. त्या हातांना जंतुनाशकाचा वास येत होता, आणि तो वास त्यांना कुजलेल्या नमुन्यापेक्षा असह्य झाला.

मालक म्हणाले, "नवी आवृत्ती पाठवू सगळ्या लॅबना. सोबत दोन ओळींचं पत्र. किरकोळ सुधारणा केल्या आहेत, असं."

"किरकोळ?"

"शब्द सौम्य ठेवावे लागतात, बाई."

"आणि तात्यांचं काय? नळ्या बदलल्याचं तुम्ही लेखी कळवलंय."

"'असावी' असं कळवलंय," कॅप्टन म्हणाला. "अदलाबदल झाली 'असावी'. 'आहे' असं कुठे म्हटलंय?"

शीबाई उठल्या. जागेवर येऊन त्यांनी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, टोपणनावानं नव्हे, खऱ्या. काय चुकलं, कधीपासून, कुठल्या निकालांवर विश्वास ठेवू नये, कुणाला पुन्हा बोलावून तपासावं. शेवटी एक ओळ: यात लॅबमधल्या कुणाही माणसाचा दोष नाही. यंत्र असलेल्या लॅबांची यादी त्यांच्याकडे होतीच, कारण तक्रारींचे फोन त्याच घेत. चौदा लॅबना पत्र गेलं.

मालक जे भडकले ते दोन दिवस थंड झाले नाहीत. पण शीबाईंना काढणं जमेना, कारण तिसऱ्या दिवसापासून लॅबवाले फोन करून त्यांचंच नाव विचारू लागले. पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा आणखी चार माणसं सापडली, ज्यांचे आकडे दुसऱ्याच्या नावावर गेले होते. त्यांतल्या एका आजींना तीन महिने नको ते औषध घ्यायला सांगितलं होतं.

तात्यांना लॅबनं परत घेतलं, पण बाहेरच्या खिडकीवर, नमुने घ्यायला. यंत्रापाशी नाही. वय झालं, असं लॅबवाले म्हणाले.

शिवणकामवाल्या बाईंकडे शीबाई स्वतः गेल्या. एक खोली, दारातच कपाट, कपाटाला टेकून घडी घातलेले कपडे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"त्या दोन दिवसांत मला वाटलं, संपलं सगळं. शिलाईमशीन मी जावेला देऊन टाकलं, तिची मुलगी शिकेल म्हणून. आता परत कशी मागू? ती म्हणेल, मेली नाहीस म्हणून मागतेस का." बाई हसायला गेल्या, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. "हातानंच शिवते सध्या."



वर्षाअखेरीला बाहेरगावच्या एका परिषदेत कॅप्टनचं भाषण झालं. विषय होता 'मुदती, खण आणि विश्वास'. कंपायलरचं का ऐकावं, हे त्यानं बर्फाच्या खड्याचं उदाहरण देऊन फार सुरेख समजावलं, असं ऐकून आलेली मंडळी सांगत होती. टाळ्या खूप पडल्या. त्याला बढतीही मिळाली. अनसेफच्या प्रत्येक ओळीवर दोघांची सही हवी, असा नियम कंपनीत झाला आणि तीन महिन्यांनी तो 'तातडीचं काम वगळता' असा झाला.

नवऱ्यानं एका रविवारी विचारलं, "एवढी शिसारी येते तर सोडून का देत नाहीस?"

शीबाई सासूबाईंच्या उशीचा अभ्रा बदलत होत्या. "मी सोडलं तर त्याचा कोड वाचणार कोण?" त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आधी त्याचाच उघडते. ओळ न् ओळ वाचते."

"आणि तो?"

"गुड मॉर्निंग म्हणतो."

"तू काय म्हणतेस?"

"काही नाही," शीबाई म्हणाल्या आणि मळका अभ्रा घेऊन मोरीकडे गेल्या.